आजीचं करंज तेल आणि प्लेटवरची वर्तुळं

आमच्या घरी तेलाच्या बाटल्या दोन ठिकाणी असायच्या. खायच्या तेलाची चुलीजवळ आणि 'लावायच्या' तेलांच्या गोठ्यात, खुंटीला टांगलेल्या. एकीत करंजाचं, एकीत निंबोळीचं, एकीत मोहाच्या टोरीचं. गाव भिवापूरकडचं. बैलाच्या खांद्याला जखम झाली की निंबोळीचं तेल, टाचा फुटल्या की टोरीचं (हे हिवाळ्यात तुपासारखं थिजतं, बाटली चुलीजवळ ठेवावी लागते) आणि पोरांना खरूज झाली की करंजाचं. मी सहावीत असताना मला खरूज झाली होती. आजीनं आठ दिवस करंज तेल चोळलं. त्या वासानं शाळेत माझ्या बाकावर कोणी बसेना. खरूज गेली, पण तो वास अजून नाकात आहे.

म्हणून एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या चौथ्या सेमिस्टरला प्रोजेक्टचा विषय मागितला, तेव्हा माझा तयार होता: विदर्भातल्या बियांच्या तेलांमध्ये जंतू मारायची ताकद आहे का? गाईड मॅडम एवढंच म्हणाल्या, "विषय सोपा वाटतो ना? तेल पाण्यात मिसळत नाही, एवढं लक्षात ठेव." मला वाटलं, हे काय सांगणं झालं? चौथीतल्या पोरालाही माहीत असतं. पुढचे पाच महिने मी या एकाच वाक्याशी भांडत होते.

तेलं पाच ठरवली: निंबोळी, करंज, टोरी, जवस आणि तीळ. पहिली तीन आजीची, जवस आपल्या भागाचं म्हणून आणि तीळ यासाठी की ते काही करणार नाही अशी माझी खात्री होती. तुलनेला एक बापडं तेल हवं असतं.

पहिली फेरी नागपूरच्या इतवारी बाजारात. किराणा ओळीत दोन दुकानं फिरले तेव्हा कळलं, की 'निंबोळी तेल' नावाखाली जे मिळतं त्यात काय काय असतं ते देव जाणे. एका दुकानातलं फिकट पिवळं, दुसऱ्यातलं जवळजवळ काळं. दुकानदाराला विचारलं, तर म्हणाला, "ताई, झाडाला फवाराचं आहे का लावाचं? दोन्हीले हेच चालते." प्रोजेक्टला हेच चालणार नव्हतं. बी कुठलं, काढलं कसं, कधी काढलं, हे सांगता आलं नाही तर पुढच्या सगळ्या आकड्यांना अर्थ नाही. मग गावाहून बिया मागवल्या. निंबोळ्या गेल्या जूनमध्ये वेचून, गर धुऊन, सावलीत वाळवलेल्या होत्या. करंजाच्या शेंगा आजीनं फोडून दिल्या. टोरी शेजारच्या काकूंकडून आली.

निम्म्या बिया लाकडी घाण्यावर दिल्या, निम्म्या लॅबमध्ये काढायच्या ठरवल्या. घाण्याचं एक सांगायचं राहतं. वर्धा इथून दीड-दोन तासांवर. १९३४ साली तिथं अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला आणि मगनवाडीत झवेरभाई पटेलांनी बैलघाण्यावर काम करून तो सुधारला. आता नागपुरात चौकाचौकात 'लाकडी घाणा' अशी पाटी दिसते. बैल गेला, मोटर आली. मी गेले त्या घाणेवाल्यानं करंज घालायला आधी साफ नकार दिला. कडू तेलाचा वास घाण्याच्या लाकडात मुरतो आणि पुढच्या गिऱ्हाईकाचं शेंगदाण्याचं तेल वाया जातं. शेवटी बंद करायच्या वेळी घातलं आणि नंतर दोन किलो सरकी टाकून त्यानं घाणा 'धुतला'. सरकीचे पैसे माझ्याकडून. ढेप मात्र मला देऊ केली. रूमवर न्यायची हिंमत झाली नाही.

लॅबमध्ये तेल काढायला सॉक्सलेट. हे काचेचं यंत्र फ्रान्झ फॉन सॉक्सलेट यांनी १८७९ साली दुधातली चरबी मोजण्यासाठी बनवलं. खाली फ्लास्कमध्ये पेट्रोलियम ईथर उकळतं, वाफ वर जाते, थंड पाण्याच्या कंडेन्सरमध्ये तिचं परत द्रव होतं आणि थेंब थेंब बियांच्या पुडीवर पडतं. पात्र भरलं की सगळं एकदम गुडुप करून खाली ओततं. हा गुडुप आवाज मोजायचा. सहा तासांत वीस-पंचवीस वेळा झाला की बी कोरडं झालं असं समजायचं. पुस्तकात हे सगळं ठीक. पुस्तक लिहिणाऱ्यानं एप्रिलमधलं नागपूर पाहिलेलं नसावं.

आमच्या लॅबच्या नळाला पाणी गच्चीवरच्या काळ्या टाकीतून येतं. दुपारी दोन वाजता त्या नळाखाली हात धरवत नाही. कंडेन्सरला 'थंड' पाणी म्हणून मी तेच जोडलेलं. ईथर वर गेलं ते परत आलंच नाही, थेट खोलीत पसरलं. डोकं जड झालं आणि लॅबचे काका धावत आले. "कोण हे लावून ठेवलं बे! पंखा बंद कर... नको नको, बटनाले हात नको लावू!" ईथरची वाफ साचलेल्या खोलीत स्विचची एक ठिणगी पुरेशी असते. खिडक्या उघडल्या, सगळे व्हरांड्यात. काकांनी मला जे सुनावलं ते योग्यच होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच तोड काढली. फिशटँकचा छोटा पंप, एक बादली आणि चौकातल्या रसवंतीवाल्याकडून दहा रुपयांचा बर्फ. पंप बादलीतलं बर्फाचं पाणी कंडेन्सरमध्ये फिरवतो आणि तेच परत बादलीत येतं. टाकीतलं पाणीही वाचलं. पुढची सगळी तेलं मी सकाळी सहाला सुरू करून बाराच्या आत काढली. रसवंतीवाला रोज विचारायचा, "इतक्या सकाळी बर्फ कशाले लागते ताई?" त्याला काय सांगायचं? तेल काढायला, म्हटलं. त्यानं पुढे विचारलं नाही.

तेल निघालं की ईथर उडवायचं. इथं घाई केली तर घात होतो, कारण तेलात थोडं जरी ईथर राहिलं तरी जंतू त्यानंच मरतात आणि आपण खुशीत लिहून टाकतो की तेल गुणकारी आहे. म्हणून मी फ्लास्क वजन करायचे, वॉटर बाथवर ठेवायचे, पुन्हा वजन करायचे. दोन वेळा लागोपाठ सारखं वजन आलं तरच ते तेल पुढच्या कामाला.

आता खरी परीक्षा. जंतू दोन घेतले. एक स्टॅफिलोकॉकस ऑरिअस, जखमेत पू करणारा, ग्रॅम पॉझिटिव्ह. दुसरा आतड्यात राहणारा ई. कोलाय, ग्रॅम निगेटिव्ह. (ग्रॅमच्या रंगचाचणीनं जंतूंचे हे दोन गट पडतात.) दोन्ही संग्रहातून मागवलेले, ओळख पटलेले. पद्धत साधी आणि जुनी. पेट्री डिशमध्ये म्युलर-हिंटन अगारचा, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमाचा, चार मिलिमीटरचा थर घालायचा. जंतूंचं पाणी एका ठरावीक गढूळपणाला आणायचं, त्याला ०.५ मॅकफार्लंड म्हणतात. तुलनेच्या नळीतला तो गढूळपणा जंतूंचा नसतो. १ टक्का सल्फ्युरिक आम्लाच्या ९.९५ मिलीमध्ये १.१७५ टक्के बेरियम क्लोराइडचा ०.०५ मिली थेंब टाकून तो बनवतात. ही नळी आणि आपली जंतूंची नळी शेजारी धरायची, मागे काळ्या रेघांचा कागद धरायचा आणि रेघा दोन्हींतून सारख्या पुसट दिसल्या की झालं. म्हणजे एका मिलीत अंदाजे दीड कोटी कोटी... थांबा, दहाच्या घातात माझं नेहमी चुकतं. पंधरा कोटी जंतू. मग कापसाच्या काडीनं ते प्लेटभर सारवायचे, अगारमध्ये कॉर्क बोररनं ६ मिलिमीटरची भोकं पाडायची, भोकात तेल घालायचं आणि रात्रभर इनक्युबेटरमध्ये. तेलानं जंतू मारले तर भोकाभोवती मोकळं वर्तुळ दिसतं. वर्तुळाचा व्यास मोजायचा. एका भोकात जेंटामायसिन हे अँटिबायोटिक, म्हणजे पद्धत चालते की नाही ते कळतं. एका भोकात काहीच न मिसळलेलं माध्यम.

पहिल्या प्लेटा उघडल्या ती सकाळ मी विसरणार नाही. निंबोळीभोवती २२ मिलिमीटर! करंजाभोवती १९! जेंटामायसिनच्या जवळपास. मी आजीला फोन केला, रूममेटला ओढत नेलं आणि दोघींनी तर्री पोहे खाल्ले, वर एक एक्स्ट्रा तर्री. मग परत येऊन प्लेट मॅडमना दाखवली.

मॅडमनी प्लेट हातात घेतली, पण मोजपट्टी मागितली नाही. त्यांनी ती ट्यूबलाइटखाली तिरपी धरली. सरळ बघताना मोकळं, पारदर्शक दिसणारं ते वर्तुळ तिरपं धरल्यावर चमकायला लागलं, पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलसारखं. तेल भोकातून वर येऊन अगारवर पसरलं होतं. आणि त्या चमकेखाली, अगदी बारीक, पण होती: जंतूंची पातळ साय. तेलाच्या थरामुळे ती दिसत नव्हती, इतकंच. मॅडमनी लूप (टोकाला कडी असलेली तार) तापवला, थंड केला, त्या 'मोकळ्या' जागेवरून फिरवला आणि नव्या प्लेटवर रेघोट्या ओढल्या. म्हणाल्या, "उद्या बघू." उद्या बघितलं. भरघोस वाढ.

पोहे फुकट गेले.

तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य मला खरं कळलं. अगार म्हणजे बहुतेक सगळं पाणीच. त्यातून औषध पसरतं ते पाण्यात विरघळून. जेंटामायसिन विरघळतं, पसरतं, दूर जाता जाता पातळ होतं आणि कुठल्या अंतरावर जंतू जगले त्यावरून त्याची ताकद कळते. तेल अगारमध्ये शिरतच नाही. ते भोकात बसून राहतं नाहीतर पृष्ठभागावरून पळतं. म्हणजे वर्तुळ आलं तरी ते खोटं असू शकतं आणि आलं नाही तरी तेल निकामी ठरत नाही. तेल जंतूपर्यंत पोचलंच नाही, इतकंच काय ते कळतं. माझ्या मते बियांच्या तेलांवरचं निम्मं काम इथंच फसत असावं, कारण मोजपट्टी कोणालाही लावता येते, पण प्लेट तिरपी धरायची कोणी सांगत नाही.

मग तेल पाण्यात न्यायचं कसं? ट्वीन ८० नावाचं चिकट पिवळं द्रव्य असतं, आइस्क्रीममध्येही घालतात. ते तेलाचे बारीक थेंब पाण्यात धरून ठेवतं. ०.५ टक्के ट्वीन, तेल, पाणी, व्हॉर्टेक्सवर, म्हणजे घुसळायच्या यंत्रावर, पाच मिनिटं. दुधासारखं पांढरं झालं. पिपेट भरेपर्यंत ठीक, पण चहा पिऊन येईस्तोवर वर सायीसारखं तेल पुन्हा तरंगायला लागलेलं. म्हणून बनवायचं आणि लगेच वापरायचं. डायमेथिल सल्फॉक्साइडमध्येही करून पाहिलं, बरेच जण ते वापरतात. झाडपाल्याच्या अर्काला ते चांगलं, पण या तेलांना त्यानं नीट विरघळवलं नाही. खाली थेंब बसले.

ट्वीनची दुसरीही एक बाजू आहे, जी मला उशिरा कळली. जंतुनाशकांच्या चाचण्यांमध्ये औषधाचा असर थांबवायला जे पदार्थ घालतात, त्यांत ट्वीन ८० असतं. म्हणजे जो मध्यस्थ तेलाला पाण्यापर्यंत नेतो, तोच वाटेत त्याचे दातही काढून घेऊ शकतो. यावर पूर्ण तोडगा माझ्याकडे नव्हता. ट्वीन कमीत कमी ठेवलं आणि नुसत्या ट्वीनची रांग प्रत्येक वेळी लावली.

प्लेटवरची वर्तुळं सोडून आम्ही ९६ खणांच्या प्लास्टिकच्या ताटलीवर आलो. प्रत्येक खणात शंभर मायक्रोलिटर पोषक द्रव. पहिल्या खणात तेल जास्त, पुढच्यात निम्मं, त्याच्या पुढच्यात त्याचं निम्मं. मग सगळ्यांत जंतू. जिथं वाढ दिसत नाही तो सगळ्यात पातळ खण म्हणजे उत्तर. पण तेलाचं दूध आधीच गढूळ, वाढीनं आलेला गढूळपणा दिसणार कसा? त्यासाठी रेझाझुरीन. निळा रंग. जंतू जिवंत असले, श्वास घेत असले की तो गुलाबी होतो. निळा राहिला तर आत कोणी जिवंत काम करत नाही. बाराच्या बारा रांगा सकाळी उघडायच्या आणि निळा-गुलाबी वहीत उतरवायचा. आमची लॅब त्या आठवड्यात रंगपंचमीसारखी दिसत होती.

आणि मध्येच दोन रांगा सगळ्या गुलाबी, जिथं जंतू घातलेच नव्हते तिथंही. घाण्याच्या तेलातच जंतू होते! सूक्ष्मदर्शकाखाली लांबट काड्या, आत बीजाणू. बॅसिलस जातीचे. तेलात पाणी नसतं म्हणून ते तिथं वाढत नाहीत, पण बीजाणू होऊन आरामात पडून राहतात. पोषक द्रव मिळालं की उठतात. मी शहाणपणा करून तेल ऑटोक्लेव्हमध्ये घातलं, १२१ अंश, १५ पौंड दाब, १५ मिनिटं. तरी गुलाबी. ऑटोक्लेव्ह मारतो तो ओल्या वाफेनं आणि वाफ तेलात शिरत नाही. पुन्हा तेच, तेल आणि पाणी. कोरड्या उष्णतेनं, १६० अंशांवर दोन तास ठेवून मारता येतं, पण तेवढ्यात तेलातलं जे शोधायचं तेच जळून जायचं. शेवटी ज्या तेलावर पुढचं काम केलं ते सॉक्सलेटचं, निर्जंतुक काचेत गोळा केलेलं आणि प्रत्येक वेळी आधी नुसतं प्लेटवर लावून पाहिलेलं. घाण्याचं तेल बाजूला राहिलं. सरकीचे पैसेही गेले.

मे उजाडला. आता एक गंमत सांगते, जी नागपूरच्या बाहेर कोणाला खरी वाटत नाही. आमचा साधा इनक्युबेटर ३७ अंशांवर लावलेला असतो. तो फक्त तापवू शकतो, थंड करू शकत नाही. दुपारी वीज गेली, कूलर बंद, लॅबमध्ये पारा ४३. आतला थर्मामीटर पाहिला तर ४२! बाहेरून आत उष्णता येत होती. माझे जंतू माझ्याइतकेच घामाघूम. त्या दिवशीच्या ताटल्या गुलाबी व्हायला उशीर झाला आणि एक क्षण मला वाटलं, टोरीच्या तेलानं कमाल केली. पण तेल न घातलेले खणही तितकेच मागे होते. सगळं फेकलं. थंडही करू शकणारा बीओडी इनक्युबेटर पीएचडीच्या एका ताईंच्या ताब्यात होता. त्यांना रोज संत्रा बर्फी नेऊन खालचा एक कप्पा मिळवला. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते सगळ्यात तापलेले नऊ दिवस, त्या कप्प्यात काढला.

एवढं करून हाती काय आलं? तीळ अपेक्षेप्रमाणे काही नाही. टोरी काही नाही. निंबोळी आणि करंज यांनी स्टॅफिलोकॉकसला थांबवलं, पण बऱ्याच जास्त प्रमाणात, २५ मिलिग्रॅम प्रति मिलीच्या आसपास. औषधं याच्या हजारो पट कमी प्रमाणात काम करतात. आणि निळ्या राहिलेल्या खणातला थेंब ताज्या प्लेटवर टाकला तर वाढ आली. म्हणजे जंतू थांबले होते, मेले नव्हते. ई. कोलाय कशालाच बधला नाही. त्याच्या बाहेरून आणखी एक पडदा असतो, लिपोपॉलिसॅकराइडचा, तो तेलकट गोष्टींना आत येऊ देत नाही. ग्रॅम निगेटिव्ह जंतूंचं हे जुनंच कवच.

खरा धक्का जवसानं दिला. ताज्या जवस तेलानं काही केलं नव्हतं. एकदा ते संपलं म्हणून मी कपाटातली आधीच्या सिनिअरची, वर्षभर उघडी-झाकी पडलेली बाटली वापरली. स्टॅफिलोकॉकस निळ्यात! निंबोळीपेक्षा चांगलं. जुनं तेल नव्यापेक्षा गुणकारी? आजी म्हणाली असती, मुरलं म्हणून. मॅडम म्हणाल्या, "खवट झालं म्हणून. ॲसिड व्हॅल्यू काढ."

नागपुरात तेलाचं शास्त्र शिकवणारी संस्था आहे, लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट, १९४२ पासूनची (आता तिचं विद्यापीठ झालंय). तिथं शिकणाऱ्या एका मैत्रिणीनं मला हे एका दुपारी शिकवलं. तेल तोलायचं, गरम अल्कोहोलमध्ये घालायचं, फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब आणि वरून पोटॅशियम हायड्रॉक्साइड सोडायचं. गुलाबी टिकला की थांबायचं. जितकं हायड्रॉक्साइड जास्त लागलं तितकी तेलात सुटी झालेली आम्लं जास्त. ताजं जवस: १.४. जुनं: १३ च्या वर. तेल म्हणजे तीन स्निग्धाम्लं एका ग्लिसरॉलला बांधलेली. बांधलेली असतात तोवर गरीब. तेल जुनं झालं, ओल लागली की ती सुटतात आणि सुटं स्निग्धाम्ल स्टॅफिलोकॉकससारख्या ग्रॅम पॉझिटिव्ह जंतूंच्या पडद्याला त्रास देतं. त्यात जवस हवेनं लवकर बिघडतं. रंगात आणि वार्निशमध्ये ते घालतात तेही याच गुणासाठी, ते हवेशी जुळून सुकतं. तेव्हा जंतू थांबवले ते जवसानं नव्हे, त्याच्या खवटपणानं.

आणि मग रात्रभर झोप नाही. कारण प्रश्न सरळ होता: माझी निंबोळी? माझं करंज? गेल्या जूनच्या बिया, गोदामात पडलेल्या. ॲसिड व्हॅल्यू काढली, निंबोळी ९, करंज ६. दोन्ही तेलं सौम्य सोड्याच्या पाण्यानं धुऊन सुटी आम्लं काढली आणि सबमिशनला अकरा दिवस असताना सगळं पुन्हा लावलं. निंबोळीचा असर निम्म्याहून कमी झाला. करंजाचा थोडा उतरला, पण राहिला. करंजात करंजिन नावाचा फ्लॅव्होनॉइड असतो, पोंगामॉल असतो. निंबोळीतली कडू द्रव्यं तर रसायनशास्त्रज्ञ सलीमुझ्झमान सिद्दीकींनी १९४२ मध्येच वेगळी काढून दाखवली होती. यातलं नेमकं कोणतं काम करतं हे सांगायला तेल तोडून एकेक घटक वेगळा करावा लागतो आणि माझ्याकडे अकरा दिवस होते.

मॅडमनी शेवटच्या आठवड्यात एक ओळ वाढवायला लावली: ओव्याचं तेल. ओवा शास्त्रात फळ आहे, आपण बी म्हणतो. ते सॉक्सलेटनं काढत नाहीत, पाण्यासोबत उकळून वाफेनं उडवतात. शंभर ग्रॅम ओव्यातून जेमतेम अडीच मिली तेल आलं आणि अख्ख्या मजल्यावर अजीर्णाच्या गोळीचा वास सुटला. त्यात थायमॉल असतं. त्यानं दोन्ही जंतू साफ मारले, ई. कोलायसुद्धा. प्लेट तिरपी धरून पाहिली, दहा वेळा पाहिली. खालीही काही नव्हतं. घाण्यातून निघणारं जड तेल आणि वाफेबरोबर उडणारं सुगंधी तेल या दोन वेगळ्याच जाती आहेत, हे एका प्लेटीत दिसलं. मला खरं तर रागच आला. पाच महिने मी ज्यांच्यामागे होते त्यांना एका मसाल्याच्या डब्यातल्या चमच्यानं हरवलं.

व्हायव्हाला बाहेरून आलेले सर होते. त्यांनी आकडे फारसे विचारले नाहीत. प्रस्तावना उघडली आणि म्हणाले, "तुम्ही लिहिलंय, आजी खरजेला करंज तेल लावायची. खरूज कशानं होते?"

हे बीएस्सीलाच शिकवलेलं. सार्कोप्टीस, कातडीत बोगदे करणारा आठ पायांचा किडा. जंतू नव्हेच. बोलता बोलता माझं मलाच ऐकू आलं.

"मग स्टॅफिलोकॉकसवर का तपासलं?"

"सर, खाजवून जखमा होतात, मग त्यात स्टॅफिलोकॉकस शिरतो. पू होतो."

"बरोबर. हे आधी सुचलं होतं की आत्ता?"

"आत्ता, सर."

ते हसले आणि सही केली. मार्क बरे पडले.

रात्री आजीचा फोन आला. "मंग? काय निघालं माया तेलात?"

मी सांगितलं. करंज थोडं चालतं, निंबोळी त्याहून कमी, टोरी काही नाही. आणि कोणत्याही बाळाला निंबोळीचं तेल पाजू नको, ते लहान पोरांना विषारी पडतं. तिनं ते शांतपणे ऐकलं, पाजत कोण होतं म्हणाली. मग मी खरजेचं सांगितलं, की ती किड्यानं होते आणि मी तपासलं ते दुसऱ्याच जंतूवर.

"म्हंजे किड्यावर लावूनच पायलं नाही?"

"नाही."

"मंग पाच महिने कशावर लावून राहिली होती माय?"

फोन स्पीकरवर होता. रूममेट उशीत तोंड खुपसून हसत होती.